भाच्याचं पहिलं ग्रीक नाणं, आणि त्याआधीचं घुबड

गेल्या वर्षी ऑगस्टमधे रात्री साडेअकराला भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅप आला, दोन फोटो आणि खाली एकच ओळ, "मामा, घुबड घेतलं!!" मी झोपायच्या तयारीत होतो, फोटो मोठा करून बघितला आणि झोप उडाली. प्राचीन अथेन्सचं चार द्राख्माचं (द्राख्म म्हणजे ग्रीकांचं तेव्हाचं चलन) चांदीचं नाणं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. किंमत 210 पाऊंड. मी त्याला लगेच काही बोललो नाही, एवढंच विचारलं की वजन किती आहे. तो म्हणाला, "वजन नाही लिहिलंय त्यांनी, का?"

हे सगळं प्रकरण मी सविस्तर लिहितोय कारण नंतर दोन-तीन ओळखीच्या पोरांनी मला तेच विचारलं, ग्रीक चांदीची नाणी घ्यायची आहेत, कुठून सुरुवात करू. त्यांना तुटक सल्ले देण्यापेक्षा आमच्याकडे काय काय झालं ते पहिल्यापासून सांगितलेलं बरं.

भाचा सत्तावीस वर्षांचा, नोकरीला लंडनमधे, वाढला मात्र नाशकात. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे आला की माझा क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, नाण्यांचा अल्बम काढून बसायचा. मी ग्रीक नाण्यांचा जाणकार नाही हे आधीच सांगतो, माझा विषय नहपान आणि त्याच्या पुढचे क्षत्रप. पण वीस वर्षं चांदीची छोटी नाणी हातात घेतली की ठशाने पाडलेलं कुठलं आणि साच्यात ओतलेलं कुठलं हे बोटांना कळायला लागतं. आणि ग्रीक नाण्यांशी आपलं नातं लांबचं नाही. नाशिकजवळ जोगलटेंभीला 1906 साली नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी, त्यातल्या 9000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा परत मारलेला. त्या नाण्यावर राजाच्या डोक्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत पण भाषा आपली प्राकृत, "राञो क्षहरातस नहपानस". म्हणजे ग्रीक लिपीत लिहिलेलं आपलं वाक्य! भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांचे जुने द्राख्म चालायचे असं पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात लिहिलेलं आहे, त्याच घाटाचं नाणं नहपानाने काढलं. भाच्याला मी हे दहाव्या वर्षी सांगितलं होतं आणि त्याने तेव्हाच विचारलेलं की मग खरं ग्रीक नाणं कसं असतं. त्यामुळे लंडनला गेल्यावर, पगार हातात आल्यावर त्याला पहिलं काय घ्यावंसं वाटलं असेल तर घुबड, यात त्याची काहीच चूक नाही.

घुबडाचा मोह सगळ्यांना होतो. अथेन्सजवळ लॉरियनच्या चांदीच्या खाणी होत्या, इ.स.पू. 483 मधे तिथे मोठी शीर लागली आणि थेमिस्टोक्लीस या अथेन्सच्या पुढाऱ्याने लोकांना पटवून त्या पैशात युद्धनौका बांधून घेतल्या, ज्यांनी पुढे सलामिसला इराणी आरमार हरवलं. नंतर साधारण इ.स.पू. 454 ते 404 या काळात अथेन्सने ही नाणी एवढी पाडली की ती इजिप्तपासून सिरियापर्यंत सगळीकडे चालायची. अथेनाच्या शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं, मागे घुबड, घुबडाच्या खांद्याशी ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, आणि समोर तीन ग्रीक अक्षरं, "अथेन्सकरांचं" या शब्दाची सुरुवात. वजन 17.2 ग्रॅमच्या आसपास. चांदी जवळपास शुद्ध. दुर्मिळ मात्र अजिबात नाही, गेल्या काही वर्षांत तर हजारोंनी बाजारात आली. तरीही बऱ्या अवस्थेतलं घुबड चांगल्या डीलरकडे पाचशे-सहाशे पाऊंडाच्या खाली सहसा मिळत नाही. अशी स्थिती असताना 210 पाऊंडात, नाकडोळे एकदम ठसठशीत, कुठे छिलका उडालेला नाही, असं घुबड कोणी का विकेल? हा प्रश्न विकत घ्यायच्या आधी पडायला हवा होता, पण पोराने जनरल वस्तू विकणाऱ्या एका साईटवर बघितलं, लिलाव संपायला चार मिनिटं उरली होती आणि दुसरं कोणीतरी बोली वाढवत होतं. त्या चार मिनिटांत कोणाचंही डोकं चालत नाही. माझंही चाललं नसतं.

मी त्याला म्हणलं, नाणं हातात येऊदे, तोपर्यंत घरच्यांना दाखवू नको, आणि दागिन्यांचा एक डिजिटल काटा मागव, शंभरावा भाग दाखवणारा, दहा-बारा पाऊंडात येतो.

नाणं चार दिवसांनी आलं. व्हिडिओ कॉल लावला. त्याने काट्यावर ठेवलं, 16.08. तो म्हणाला की मामा, अडीच हजार वर्षांत झिजलं असेल. बरोबर आहे, झिजतं, पण जे झिजतं ते झिजलेलं दिसतं. अथेनाचा गाल आणि घुबडाचं डोकं हे सगळ्यात उंच भाग, ग्रॅमभर चांदी जायची तर आधी तिथून जाते आणि इथे तर घुबडाच्या छातीवरचे ठिपके एकूणएक मोजता येत होते. नक्षी ताजी आणि वजन झिजलेल्याचं, हे दोन्ही एकत्र बसत नाही.

मग पाण्याची परीक्षा केली. ही घरात कोणालाही करता येते म्हणून नीट सांगतो. आधी नाणं कोरडं तोलायचं. मग काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असं हातात लोंबतं धरायचं, आणि नाण्याला बुडबुडे चिकटलेत का बघायचं, असतील तर हलकेच झटकायचं. आता काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागायचं. शुद्ध चांदीचं उत्तर 10.49 येतं, तांब्याचं 8.96. अस्सल घुबड 10.3 ते 10.5 च्या मधे कुठेतरी यायला हवं. भाच्याचा हात जरा थरथरत होता, तीनदा केलं, तिन्ही वेळा 1.79 आलं. 16.08 भागिले 1.79, उत्तर 8.98. तो गप्प बसला. इंजिनिअर आहे, त्याला मी काही सांगायची गरज नव्हती.

तरी इथे एक अडचण असते, आणि विक्रेत्याने नंतर नेमकी तीच पळवाट धरली. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठशाने पाडलेली नाणी त्या काळातही होती, म्हणजे तेव्हाची खोटी नाणी, आणि ती आज प्राचीन वस्तू म्हणून खुशाल विकली जातात, लोक आवडीने घेतातही. नुसत्या पाण्याच्या परीक्षेने हे कळत नाही की आपल्या हातातलं तांबं चोवीसशे वर्षांपूर्वीचं आहे की चोवीस महिन्यांपूर्वीचं. त्यासाठी काठ बघावा लागतो.

काठ! मी सगळ्या नवीन लोकांना हेच सांगतो की नाण्याच्या दोन बाजू सगळे बघतात, तिसरी बघायला शिका. भाच्याने मोबाईलचा टॉर्च लावून नाणं हळूहळू फिरवलं. ठशाने पाडलेल्या नाण्याचा काठ बेशिस्त असतो, तापवलेली चकती दोन ठशांच्या मधे ठेवून हातोडा घातला की चांदी बाहेर पसरते, कुठे फाटते, काठाला उभ्या बारीक चिरा पडतात, कुठे गोलाई तर कुठे चपटेपणा. याच्या काठावर मात्र मधोमध एक रेघ होती, सगळीकडे नाही, साधारण अर्ध्या परिघाला, आणि उरलेल्या अर्ध्यावर आडवे समांतर ओरखडे. ती रेघ म्हणजे साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तो सांधा, आणि ते ओरखडे कानशीचे, सांधा घासून काढायला घेतलेलं काम अर्धवट सोडलेलं. नक्षीच्या कोपऱ्यांत, घुबडाच्या पायांशी, टाचणीच्या टोकाएवढे खड्डेही दिसले, ओतताना हवा अडकते त्याचे. ठशाने पाडलेल्या नाण्याला साच्याचा सांधा असायचं कारणच नाही, मग ते तेव्हाचं खरं असो वा तेव्हाचं खोटं.

तरी मला पूर्ण खात्री करायची होती, म्हणून रात्री एसीसर्च या वेबसाईटवर बसलो, तिथे जुन्या लिलावांतल्या नाण्यांचे लाखो फोटो आहेत, शिवाय खोट्या नाण्यांचे वेगळे संग्रह पण नेटवर आहेत. दीड तासाने जुळं सापडलं. खोट्यांच्या यादीत अगदी हेच घुबड. आता, दोन नाणी एकाच ठशाची असणं हे संशयाचं नाही, एका ठशातून हजारो नाणी पडायची. पण दोन नाण्यांची चकती सारख्याच आकाराची, नक्षी सारखीच डावीकडे सरकलेली, आणि अथेनाच्या भुवईच्या वर तोच एक टोचा, तेवढाच, त्याच कोनात, हे कसं होईल? टोचा नाण्याला पडतो, पाडून झाल्यावर, वापरताना. तो दोन नाण्यांना एकाच जागी पडू शकत नाही. म्हणजे कुठलं तरी एक खरं घुबड होतं ज्याला तो टोचा पडला होता, त्याचा साचा घेतला आणि त्यातून ही पिल्लं काढली. दोन फोटो शेजारी ठेवून भाच्याला पाठवले, बाण वगैरे काही काढला नाही. दोन मिनिटांत त्याचं उत्तर, "भुवई."

मला त्या रात्री अथेन्सचा एक कायदा आठवला आणि तो मी त्याला फोन करून सांगितला. इ.स.पू. 375 मधे निकोफोन नावाच्या माणसाने मांडलेला कायदा, 1970 मधे अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेच्या उत्खननात त्याचा दगडच सापडला. बाजारात सराफांच्या मेजांपाशी सरकारी पारखी बसवलेला असायचा, हा सरकारी गुलाम असायचा, आणि चांदीचं नाणं खरं की खोटं हे त्याने सांगायचं. खरं ठरलं तर ते कोणालाही नाकारता येणार नाही. आत तांबं किंवा शिसं निघालं तर ते नाणं जागच्या जागी कापायचं आणि देवांच्या मातेला अर्पण करायचं, म्हणजे ते परत चलनात येणार नाही. आणि पारखी कामात कुचराई करेल तर त्याला पन्नास फटके. भाचा म्हणाला की मग आपणही हे कापूया. मलाही मनापासून तेच वाटत होतं. पण कापलं तर पैसे परत मिळणार नाहीत, आणि 210 पाऊंड त्याच्यासाठी थोडे नव्हते.

मग साईटच्या नियमाप्रमाणे "वर्णनाप्रमाणे नाही" अशी तक्रार टाकली, वजन, पाण्याचे आकडे, काठाचे चार फोटो आणि जुळ्याचा फोटो. विक्रेत्याने आधी लिहिलं की हे प्राचीन काळातलं मुलाम्याचं नाणं आहे, त्यामुळे तांबं असणारच. आम्ही फक्त सांध्याच्या रेघेचा फोटो परत पाठवला आणि विचारलं की ही कशाची. त्यावर उत्तर आलं नाही. एकोणीस दिवसांनी पैसे परत आले पण त्यासाठी नाणं परत पाठवावं लागलं. मला याचं आजही वाईट वाटतं. अथेन्सच्या बाजारात ते तिथेच कापलं गेलं असतं, आणि आम्ही ते छान पाकिटात घालून, ट्रॅकिंग नंबर टाकून, परत बाजारात सोडलं. दोन महिन्यांनी भाच्याला ते दुसऱ्या नावाच्या खात्यावर परत दिसलं, तोच टोचा. त्याने साईटला कळवलं. पुढे काय झालं ते कळलं नाही.

इथे तो खचला असता तर मी समजून घेतलं असतं. पण त्याने विचारलं, "मामा, आता बरोबर कसं करायचं ते सांग," आणि इथून पुढचे चार महिने मला सगळ्यात जास्त आवडले.

पहिलं म्हणजे मी त्याला पैसे खर्च करायला महिनाभर बंदी घातली आणि शनिवारी ब्रिटिश म्युझियमला पाठवलं, 68 नंबरच्या दालनात, जिथे पैशाचा इतिहास मांडलाय. तिथली नाणी काचेआड असतात, हातात मिळत नाहीत, पण अस्सल नाण्यावर प्रकाश कसा पडतो, उठाव कुठे मऊ होतो, हे डोळ्याला कळतं. मी स्वतः हे अंजनेरीच्या नाणी संशोधन संस्थेच्या संग्रहालयात शिकलो, तासन्‌तास नुसता बघत उभा राहायचो. मग लंडनमधल्या एका नाणेविक्रीच्या जत्रेत तो गेला, तिथे डीलर टेबलं मांडून बसतात आणि नाणं हातात देतात. त्याला सांगितलेलं की विकत काही घ्यायचं नाही, फक्त विनंती करून पाच-सहा ग्रीक चांदीची नाणी काठाला धरून बघायची. एका म्हाताऱ्या डीलरने त्याला एक खरं घुबड हातात दिलं, आणि त्याचा मला मेसेज आला की मामा, हे वेगळंच लागतं हाताला. झालं, माझं काम तिथेच अर्धं झालं.

दुसरं, घुबड बाजूला ठेवलं. हा माझा आग्रह होता आणि त्यावर आमची थोडी वादावादी पण झाली. चारशे पाऊंडात अस्सल घुबड मिळतं, पण ते खूप झिजलेलं किंवा छिन्नीचा खोल घाव बसलेलं असतं. हे घाव इजिप्त आणि पश्चिम आशियातल्या व्यापाऱ्यांनी आत तांबं आहे का बघायला घातलेले, मला स्वतःला ते आवडतात, पण पहिलं नाणं म्हणून पोराला रोज बघावंसं वाटलं पाहिजे. शिवाय घुबड हे सगळ्यात जास्त खोटं केलं जाणाऱ्या नाण्यांपैकी एक आहे. त्यापेक्षा लहान नाणी बघ म्हणलं. ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेसमधल्या खेरसोनेसॉसचा अर्धा द्राख्म, त्यावर मागे वळून बघणारा सिंह. काळ्या समुद्राकाठच्या इस्ट्रॉस शहराचं नाणं, ज्यावर दोन चेहरे शेजारी शेजारी, एक सुलटा एक उलटा, मागच्या बाजूला डॉल्फिनवर बसलेला गरुड. हिस्टिया या ग्रीक शहराची नाणी तर अजून स्वस्त. फक्त काळ्या समुद्राच्या काठच्या नाण्यांबाबत जास्त सावध राहायचं, 1988 च्या सुमारास अपोलोनिया आणि मेसेम्ब्रियाची छोटी चांदीची नाणी ढिगाने बाजारात आली, मोठमोठ्या लोकांनी घेतली, आणि मग तो अख्खा साठाच आधुनिक ठशांचा निघाला. ही ओतीव पण नव्हती, ठशाने पाडलेली होती, म्हणजे काठाची परीक्षा इथे पुरत नाही. म्हणून मी त्याला सारखं सांगायचो की नाण्याच्या आधी विक्रेता निवड, तुझ्यापेक्षा जास्त नाणी बघितलेला, खोटं निघालं तर कधीही परत घेईन असं लिहून देणारा, आणि ज्याचं दुकान किंवा लिलावघर पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे असा.

शेवटी ठरलं अलेक्झांडरचा द्राख्म. पुढे सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला ग्रीक वीर हेराक्लीस, मागे सिंहासनावर बसलेला देवांचा राजा झ्यूस, एका हातात गरुड, दुसऱ्यात राजदंड, आणि उभ्या ओळीत "अलेक्झांडरचं" हे नाव. वजन 4.2 ते 4.3 ग्रॅम. लॅम्पसाकस, अबिडोस, कोलोफोन, सार्डिस, मिलेटस अशा आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कितीतरी टांकसाळींत पाडलेला, म्हणून भरपूर मिळतो आणि शंभर ते दोनशे पाऊंडात चांगला मिळतो. मार्टिन प्राइसने 1991 मधे या सगळ्या नाण्यांची जी जाडजूड यादी छापली त्यातल्या नंबराने प्रत्येक नाणं ओळखता येतं, त्यामुळे नवशिक्याला अभ्यास करायला आयती वाट आहे.

यातही दोन गोष्टींवर लोक जास्तीचे पैसे घालवतात. एक, "अलेक्झांडरचा चेहरा" असं विक्रेते बिनधास्त लिहितात. तो हेराक्लीस आहे, अलेक्झांडरच्या बापाच्या नाण्यांवरही सिंहाच्या कातड्यातला हेराक्लीस होताच. दुसरं, "अलेक्झांडर जिवंत असतानाचं". तो इ.स.पू. 323 मधे गेला पण त्याच्या नावाने नाणी त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पडत राहिली. ढोबळ मानाने झ्यूसचे पाय समांतर असले तर नाणं आधीचं आणि पायावर पाय असला तर नंतरचं, पण हे ढोबळच, खरं ठरतं ते सिंहासनाखालच्या आणि डावीकडच्या छोट्या खुणांवरून, त्या प्राइसच्या यादीशी ताडून बघायच्या. भाच्याने दीड महिन्यात चाळीसेक द्राख्मांच्या खुणा अशा ताडल्या, कागदावर तक्ता करून, आणि दोनदा तर लिलावघराने लिहिलेला नंबर चुकीचा आहे हे त्यानेच मला दाखवलं.

डिसेंबरच्या लिलावात त्याने तीन द्राख्मांवर बोली लावली, दोन हुकले. मी त्याला आधीच हिशोब करायला लावला होता कारण लिलावात हातोडा पडतो ती शेवटच्या बोलीची किंमत म्हणजे खिशातून जाणारी किंमत नाही हे नवीन माणसाला बिल आल्यावर कळतं. त्या घराचं कमिशन 20 टक्के आणि कमिशनवर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 110 पाऊंडाला हातोडा पडला की वर 26.40, झाले 136.40, पाठवायचे 10 धरून 146.40. त्याची हद्द सगळं मिळून दीडशे होती, म्हणून बोलीची हद्द 110, एक पाऊंड वर नाही. तिसरा द्राख्म बरोबर 110 ला मिळाला. हुकलेल्या दोघांतला एक फार सुंदर होता, झ्यूसच्या छातीचे स्नायूसुद्धा उठावात, तो दोनशेच्या वर गेला. भाचा हळहळला पण थांबला.

नाणं आलं तेव्हा परत तोच व्हिडिओ कॉल, तोच काटा. 4.21. लॅम्पसाकसचं, साधारण इ.स.पू. 310 ते 301, म्हणजे अलेक्झांडर गेल्यानंतरचं, त्या भागावर त्याचा सेनापती अँटिगोनस एकाक्ष याचा अंमल होता तेव्हाचं. पाण्यात 0.41, उत्तर 10.27. इथे त्याला एक गोष्ट समजावली, एवढ्या लहान नाण्यात काट्याची एका शतांशाची चूक झाली तरी उत्तर 10.02 ते 10.5 असं कुठेही हलतं, त्यामुळे द्राख्माला ही परीक्षा नुसती आधाराला धरायची, घुबडासारखी ठाम नाही. म्हणून काठ. त्याने टॉर्चखाली फिरवलं. काठाला तीन ठिकाणी उभ्या चिरा, एके ठिकाणी चांदी जराशी ओठासारखी बाहेर आलेली, रेघ कुठेच नाही. हेराक्लीसच्या कानाशी सिंहाच्या आयाळीत जुना काळसर रंग खोलवर बसलेला आणि गालावर तो पुसट होत गेलेला, जसा हाताळून हाताळून व्हावा तसा. झ्यूसचं डोकं निम्मं चकतीबाहेर गेलंय. ते मला सगळ्यात जास्त आवडलं, हातोडा मारणाऱ्या त्या माणसाचा हात त्या क्षणी जरा वर सरकला होता एवढंच.

बिलाबरोबर लिलावघराने नाण्याचा आधीचा मालकी-इतिहासही दिला, 1990 च्या दशकातल्या एका जर्मन लिलावाच्या छापील कॅटलॉगमधे ते नाणं फोटोसकट होतं. भाच्याने हे नाणं निवडायचं खरं कारण हेच. "जुन्या युरोपियन संग्रहातून" असं नुसतं लिहिलेलं असतं त्याला माझ्या लेखी काही किंमत नाही, कुठला संग्रह, कुठल्या साली, कागद कुठे, हे पाहिजे. 1984 मधे तुर्कस्तानात एल्मालीजवळ चोरून खणलेला साठा, ज्यात अथेन्सची दहा द्राख्मांची अतिदुर्मिळ नाणी होती, परदेशात विकला गेला आणि वर्षानुवर्षं कोर्टकचेरी होऊन 1999 मधे परत गेला. आपलं नाणं दीडशे पाऊंडाचं, त्यावर कोणी खटला घालणार नाही हे खरं, पण शेतात रात्री खणून काढलेलं नाणं आपल्या पैशाने विकत घेतलं की पुढचा खड्डा आपणच खणायला लावतो. जोगलटेंभीच्या साठ्याचं आपल्याला एवढं कळलं कारण तो एकत्र हाती लागला, एकत्र मोजला गेला, कुणीतरी बसून लिहून ठेवला. सुटी सुटी विकली गेली असती तर सातकर्णीने किती नाण्यांवर ठसा मारला हे कुणाला कळणार होतं?

त्याच कॉलवर ताई, म्हणजे त्याची आई, माझ्या शेजारी येऊन बसली. तिने नाणं बघितलं आणि लगेच म्हणाली, "अरे किती काळं पडलंय, जरा रांगोळीने नाहीतर दंतमंजनाने घास, लख्ख होईल." घरातल्या समया आपण तशाच घासतो त्यामुळे तिचं बोलणं साहजिक होतं. पण मी जवळजवळ ओरडलोच, नको! तो काळेपणा चांदीचं वय आहे, घासला की वरचा थर जातो, बारीक ओरखडे पडतात आणि किंमत पण निम्म्यावर येते. शिवाय जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, आपल्याकडे बंदा रुपया फरशीवर आपटून खणखणतो का बघायचे तसं या नाण्याचं केलं तर दोन तुकडे व्हायचे. कोरड्या हातांनी काठाला धरायचं, मायलर नावाच्या कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवायचं, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात नाही कारण त्यातून काही वर्षांनी हिरवा चिकट थर नाण्यावर चढतो. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं बाई, राहू दे काळं."

मग तिने विचारलं की दिवाळीला येताना घेऊन येशील ना, आप्पांना दाखवायला. आप्पा म्हणजे आमचे वडील, भाच्याचे आजोबा, पंच्याऐंशीचे आहेत, नजर अधू झालीये. भाच्याचा चेहरा फुलला, आणि मला नाही म्हणावं लागलं. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांपेक्षा जुनं कुठलंही नाणं पुरावस्तू धरलं जातं, नाणं भारतातलं की बाहेरचं असा फरक त्या व्याख्येत नाही, आणि पुरावस्तू देशाबाहेर न्यायला खाजगी माणसाला बंदी आहे. म्हणजे ते खिशात घालून इथे आणणं सोपं, परत लंडनला नेताना विमानतळावर अडकलं तर सगळे कागद असूनही निस्तरायला महिने जातील. ताईला हे पटायला वेळ लागला, तिचं म्हणणं की आपलंच नाणं, आपल्याच माणसाचं, त्यात काय एवढं.

शेवटी भाच्यानेच तोड काढली. त्याने नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि काठाचे मोठे फोटो काढून पाठवले, मी ते इथे प्रिंट करून घेतले, ताटाएवढे. आप्पांना खिडकीपाशी बसवून एका हातात तो कागद दिला आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर माझा नहपान ठेवला. त्यांनी कागद डोळ्याजवळ नेला, मग नाणं अंगठ्याने चाचपलं, राजाच्या डोक्याभोवतीची ग्रीक अक्षरं जिथे आहेत तिथून गोल. फोन चालूच होता, पलीकडे भाचा बघत होता. आप्पांनी विचारलं, "याचं वजन किती रे?" आणि तो लगेच म्हणाला, "चार पूर्णांक एकवीस, आजोबा."